न विचारता कळलं पाहिजे

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

माझं गाव पूर्णगड. रत्नागिरीहून पावसच्या रस्त्याने दक्षिणेला आलं की मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या मुखावर एक छोटा किल्ला आहे. त्याच्या खाली आमची वस्ती. पस्तीस वर्षं मी निरनिराळ्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकवलं आणि निवृत्त होऊन इथे येऊन राहिलो. आजचा माझा विषय आहे संगणकशास्त्रातलं लेखन, म्हणजे शोधनिबंध आणि प्रबंध कसे लिहावेत. हे ऐकून काही श्रोते रेडिओ बंद करायच्या बेतात असतील. त्यांना एवढीच विनंती, की आधी आमच्या बंदरावरच्या एका तांडेलाची गोष्ट ऐका.

काही वर्षांपूर्वीची संध्याकाळ. तांडेल माझ्या पडवीत बसले होते आणि त्यांचा भाचा दुसऱ्या बंदरातून नवी होडी घेऊन प्रथमच पूर्णगडला येणार होता. त्याचा फोन आला. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचते, तिच्यातून वाट काढणं नवख्याचं काम नाही. तांडेलांनी आधी एकच प्रश्न विचारला, "भरती कुठली धरणार तू?" उत्तर ऐकून मग सांगितलं, "पाणी अर्धं चढल्याबिगर आत शिरायचं नाही. किल्ल्याचा बुरूज आणि त्याच्या खालचा वाकडा माड एकावर एक दिसेपर्यंत बाहेरच राहा. दोन्ही एका रेषेत आले की मगच नाक आत घाल. आणि माड दिसला नाही, अंधार झाला, तर येऊच नको. बाहेर नांगर टाक." संपलं. तीन-चार वाक्यं. भाचा रात्री घरी जेवायला होता.

मी मनात म्हटलं, आयुष्यभर विद्यार्थ्यांना जे सांगत आलो ते यांनी एका फोनमध्ये करून दाखवलं. केव्हा करायचं, कशाच्या खुणेवर करायचं आणि ही रीत कुठल्या परिस्थितीत चालणार नाही, हे सगळं त्यात होतं. वाळू किती वाईट आहे, आपण किती वर्षं ही खाडी ओलांडतो आहोत, यातलं काहीही नव्हतं. कारण ऐकणारा होडीत होता आणि पुन्हा फोन लागेल याची खात्री नव्हती.

शोधनिबंध वाचणारा माणूसही असाच होडीत असतो. तो दुसऱ्या गावात, कदाचित दुसऱ्या देशात, कदाचित वीस वर्षांनंतर बसलेला असतो. त्याला तुम्हाला विचारता येत नाही. तुमच्या कागदावरून त्याला तेच काम पुन्हा करून तेच उत्तर मिळवता आलं पाहिजे, निदान तुमचं उत्तर खरं की खोटं हे ताडून पाहता आलं पाहिजे. माझ्या मते संगणकशास्त्रातल्या लेखनाचे बाकीचे सगळे नियम या एका गरजेतून निघतात.

आता हा विषय आज का काढला ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात पंचक्रोशीतली एक मुलगी माझ्याकडे आली. एम. ई. करत होती, प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले होते. म्हणाली, "सर, फक्त इंग्रजी सुधारून द्या. काम झालंय." तिचा विषय ऐकून मी एकदम सावरून बसलो, कारण तो आमच्या घरचा विषय होता. हापूस आंब्यातला साका. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हापूस बाहेरून सोन्यासारखा दिसतो, वासाला उत्तम, आणि कापल्यावर आत गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट निघतो. तो साका. बाहेरून कळत नाही, हीच तर खरी पंचाईत. गिऱ्हाईक घरी जाऊन आंबा कापतो आणि बागायतदाराला शिव्या देतो. या मुलीने न कापता, आंब्याच्या फोटोवरून साका ओळखणारा प्रोग्रॅम केला होता, आणि तो शंभरात नव्वदच्या वर वेळा बरोबर येत होता. खरं असेल तर अख्ख्या कोकणाने तिला डोक्यावर घेऊन नाचावं असं काम!

मी प्रबंध उघडला. पहिलं वाक्य असं होतं, की आजच्या वेगवान युगात संगणकाने मानवी जीवनाची सर्व क्षेत्रं व्यापली आहेत. हे वाक्य मी किमान पाचशे प्रबंधांत वाचलं आहे. कुणी ते पहिल्यांदा लिहिलं देव जाणे, पण त्या माणसाला शोधून त्याच्याकडून दंड वसूल करावा असं मला फार वाटतं. त्यानंतर तीन पानं संगणकाचा इतिहास, दोन पानं आंब्याचं महत्त्व. तिने स्वतः काय केलं ते एकोणिसाव्या पानावर होतं.

मी तिला एक उदाहरण दिलं. २००२ च्या ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या तिघांनी एक नऊ पानी टिपण जगातल्या काही तज्ज्ञांना पाठवलं आणि इंटरनेटवर ठेवलं. कयाल आणि सक्सेना नुकतेच बी. टेक. झालेले. एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही हे खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवता येईल का, हा फार जुना प्रश्न त्यांनी सोडवला होता. एवढ्या मोठ्या कामाचा गोषवारा किती असावा? एक वाक्य. आम्ही अशी अशी पद्धत देतो, ती हे हे ठरवते, बस्स. संगणकाचं युग नाही, भारताची थोर गणिती परंपरा नाही. काही दिवसांत जगभरच्या गणितज्ञांनी ते तपासलं, कारण तपासता येईल असंच ते लिहिलं होतं. पुढे २००४ साली ते 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या मानाच्या नियतकालिकात छापून आलं.

"पण सर, त्यांचं काम मोठं होतं. माझं एका वाक्यात मावलं तर परीक्षक म्हणतील, एवढंच केलं?" तिचा हा प्रश्न खोटा नव्हता. आपल्याकडे पानं मोजतात. तरीही मी म्हटलं, आधी एका वाक्यात मावतंय का ते बघ. मावत नसेल तर आपण काय केलं हे आपल्यालाच अजून नीट कळलेलं नाही असं समज.

दुसरी गोष्ट शब्दांच्या व्याख्येची. तिच्यासाठी मी आपल्याच देवळालीच्या कापरेकर गुरुजींचं उदाहरण काढलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे शाळामास्तर, आणि ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. कागद-पेन्सिल घ्या आणि करून बघा. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. त्याचंही तसंच करा: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आणि ६१७४ वर तीच क्रिया केली की पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही तिथे पोहोचता.

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हा प्रोग्रॅम लिहायला सांगत असे आणि दरवर्षी कुणीतरी धावत येऊन सांगे, "सर, कापरेकर चुकले!" तो २१११ घेऊन आलेला असे. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. पुढे ९९९ वजा ९९९, शून्य. संपलं. मग मी विचारायचो, "चार अंकी म्हणजे काय?" गंमत इथे आहे. आलेलं उत्तर ०९९९ असं, पुढचं शून्य धरून चार अंकी लिहायचं. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, तिथून ८०८२, तिथून ८५३२ आणि पुढे ६१७४. कापरेकर बरोबरच होते. पण नियम सांगताना 'पुढचं शून्य टाकायचं नाही' हे चार शब्द गाळले तर वाचणाऱ्याच्या हाती भोपळा येतो, अक्षरशः. शिवाय चारही अंक सारखे नसावेत हीही अट आहे, नाहीतर ४४४४ पहिल्याच पायरीला शून्य. माणसाला सांगताना आपण अशा गोष्टी गृहीत धरतो. संगणक काही गृहीत धरत नाही, आणि परका वाचकही धरत नाही.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती थोडी लांब आहे. पण संगणकशास्त्रात काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही यावरून केवढा गदारोळ होऊ शकतो, हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही, आणि तिचा नायक आपला मराठी माणूस आहे.

नरेंद्र करमरकर. जन्म ग्वाल्हेरचा, आयआयटी मुंबईचे १९७८ चे पदवीधर, मग अमेरिकेत बर्कलेला पीएच. डी. आणि त्यानंतर बेल लॅब्ज या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेत नोकरी. त्यांनी हाती घेतलेला प्रश्न साधा वाटेल असा आहे. समजा तुमच्याकडे इतक्या पेट्या आंबा आहे, इतके ट्रक आहेत, वाशीला हा भाव, पुण्याला तो भाव, ट्रकला भाडं अमुक. कुठे किती माल पाठवला तर सर्वांत जास्त पैसे सुटतील? अशा हजारो अटी एकत्र आल्या की विमान कंपन्यांचं वेळापत्रक किंवा टेलिफोनचं जाळं आखण्याचा प्रश्न तयार होतो. १९४७ साली जॉर्ज डँट्झिग यांनी यावर रीत काढली होती. शक्य असलेल्या सगळ्या उत्तरांचा मिळून एक हिऱ्यासारखा, पैलूंचा आकार होतो अशी कल्पना करा. डँट्झिग त्याच्या कडेकडेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर चालत उत्तम कोपरा गाठतात. ही रीत व्यवहारात झकास चालते, पण मुद्दाम रचलेल्या काही प्रश्नांत तिला अतोनात कोपरे फिरावे लागतात. १९७९ साली रशियाच्या खाचियान यांनी दुसरी रीत दिली, तिच्यात पायऱ्या मर्यादेत राहतील याची सिद्धता होती, पण प्रत्यक्षात ती संथ निघाली. करमरकरांनी १९८४ साली काय केलं, तर कडेने न जाता हिऱ्याच्या आतून वाट काढली. सिद्धताही दिली.

त्यांचा निबंध त्या वर्षी परिषदेत वाचला गेला आणि 'काँबिनेटोरिका' या नियतकालिकात आला. १९ नोव्हेंबर १९८४ ला तर 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर बातमी झळकली. गणितातल्या एका पद्धतीची बातमी पहिल्या पानावर!

वाद सुरू झाला तो इथून. निबंधात दोन प्रकारच्या गोष्टी होत्या असं नव्हे. निबंधात एक होती आणि निबंधाबाहेर दुसरी. निबंधात प्रमेय होतं, सिद्धतेसकट, कुणीही पायरी पायरी तपासावं असं. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. निबंधाबाहेर दावा होता, की ही रीत व्यवहारातल्या मोठ्या प्रश्नांवर जुन्या रीतीपेक्षा कितीतरी पट, पन्नासपटदेखील, जलद चालते. लोकांनी निबंध वाचून स्वतः प्रोग्रॅम लिहिले. त्यांना तो वेग मिळेना. मग प्रश्न आले: कुठले प्रश्न सोडवून पाहिले? कुठल्या यंत्रावर? जुन्या रीतीचा कुठला प्रोग्रॅम तुलनेला घेतला? मधली अवजड आकडेमोड नेमकी कशी केली? कंपनीचं हित त्यात गुंतलेलं होतं, पेटंटं घ्यायची होती, त्यामुळे तपशील बाहेर येईनात. १९८८ साली पेटंटं मिळाली, आणि ही पद्धत घातलेली संपूर्ण यंत्रणा कंपनीने सुमारे ८९ लाख डॉलरला विकायला काढली.

शेवट काय झाला? करमरकरांची मूळ कल्पना बावनकशी निघाली. 'आतून जाण्याच्या' पद्धतींवर शेकडो लोकांनी काम केलं आणि आज मोठे प्रश्न सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डँट्झिगची रीत आणि ही रीत शेजारी शेजारी नांदतात. १९८९ साली करमरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष प्रोग्रॅमचे तपशील देणारे निबंधही प्रसिद्ध केले. पण मधली चार-पाच वर्षं एका अस्सल शोधाकडे कित्येकांनी संशयाने पाहिलं. मला याचं वाईट वाटतं. माणूस खरं बोलत होता आणि तरीही त्याच्यावर विश्वास ठेवायला लोकांकडे साधन नव्हतं. करमरकरांना यासाठी दोष देणारे पुष्कळ आहेत; मी देत नाही, नोकरदाराचे हात कुठे बांधलेले असतात हे मला माहीत आहे. पण वाचकाच्या बाजूने पाहिलं तर संशय घेणारेही चुकीचे नव्हते.

याच भांडणातून एक चांगली गोष्ट झाली. १९८५ साली बेल लॅब्जमधल्याच डेव्हिड गे यांनी अशा प्रकारच्या प्रश्नांचा एक संच जमवला आणि ई-मेलने मागेल त्याला फुकट मिळेल अशी सोय केली. आता "माझी पद्धत जलद" म्हणणाऱ्याला सगळे म्हणू लागले, "या संचावर चालवून दाखव." सगळ्यांना एकच तराजू मिळाला.

या कथेला रशियन शेपूटही आहे. करमरकरांच्या पद्धतीशी अगदी जवळचं नातं असलेली एक रीत सैबेरियातल्या इल्या डिकिन यांनी १९६७ सालीच छापली होती. छोटंसं टिपण, रशियन भाषेत. पश्चिमेतल्या लोकांनी १९८० च्या दशकात तीच रीत नव्याने शोधली, आणि त्यानंतर कुठे कुणाच्या तरी लक्षात आलं, की हे तर वीस वर्षांपूर्वीचं आहे. एकाचं लेखन अर्धं राहिल्यामुळे अडलं आणि दुसऱ्याचं कुणापर्यंत पोहोचलंच नाही.

इथवर मी दुसऱ्यांबद्दल बोललो. आता स्वतःचं सांगतो, नाहीतर हे भाषण फुकट.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मी मराठी शुद्धलेखन तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम केला होता. त्यावर एका परिषदेत निबंध वाचला, तो छापला गेला. त्यात एक वाक्य होतं: वर्तमानपत्रांतल्या मजकुरावर चाचणी घेतली असता निकाल समाधानकारक आले. आणि एक टक्केवारी. दोन वर्षांनी एका परगावच्या विद्यार्थ्याचं आंतर्देशीय पत्र आलं. त्याने फार नम्रपणे विचारलं होतं: कुठली वर्तमानपत्रं? किती शब्द? आणि 'घर', 'घरात', 'घरातला' हे आपण एक शब्द धरलेत की तीन?

तिसरा प्रश्न वाचून माझ्या पोटात गोळा आला. मराठीत एका नामाची प्रत्यय लागून कितीतरी रूपं होतात. तुम्ही काय मोजता यावर सगळी टक्केवारी बदलते. मी काय मोजलं होतं ते मला आठवत नव्हतं. फ्लॉपी शोधली. कोकणातल्या दोन पावसाळ्यांनी तिच्यावर बुरशी चढवली होती. वही होती, तिच्यात नुसते आकडे. आपण छापलेला आकडा आपल्यालाच पुन्हा काढता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हा खरं म्हणजे तसं सरळ लिहून कळवायला हवं होतं. मी मोघम, वडीलधाऱ्या थाटाचं उत्तर पाठवलं. "आपण स्वतः प्रयोग करून पाहावा, त्यातच शिक्षण आहे," असं काहीसं. त्याचं पुन्हा पत्र आलं नाही. माझ्या त्या आकड्यामागे धावण्यात त्याचे किती महिने गेले असतील, मला माहीत नाही.

आमच्या तांडेलांची गोष्ट पुरी झालेली नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं, त्यात तो वाकडा माड पडला. वादळ ओसरल्यावर तांडेल सकाळभर फोन करत होते. ज्या ज्या माणसाला त्यांनी कधी ती खूण सांगितली होती, त्या प्रत्येकाला. "माड गेला रे. आता ती खूण धरू नको." मी ते ऐकत शेजारी बसलो होतो आणि मला ते आंतर्देशीय आठवत होतं.

तर, साक्याकडे परत येऊ. मी त्या मुलीला म्हटलं, इंग्रजीचं नंतर पाहू. आधी मला हा परिच्छेद मराठीतच लिहून दे: तू फोटोंची वाटणी कशी केलीस? हे श्रोत्यांना जरा समजावून सांगायला हवं. असा प्रोग्रॅम आधी काही फोटो दाखवून शिकवतात, हा चांगला, हा साक्याचा, असं सांगून. मग न पाहिलेले फोटो देऊन त्याची परीक्षा घेतात. परीक्षेतले प्रश्न आधी घटवून घेतले असतील तर मार्कांना अर्थ राहत नाही, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

ती लिहायला बसली. लिहीना. पेन घेऊन नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "सर, प्रत्येक आंब्याचे मी निरनिराळ्या बाजूंनी बरेच फोटो काढले होते. सगळे एकत्र मिसळले आणि त्यातून काही परीक्षेला बाजूला काढले." मी गप्प राहिलो. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं. एकाच आंब्याचा एक फोटो शिकवणीत, दुसरा परीक्षेत. प्रोग्रॅम साका ओळखत नव्हता. तो आंबा ओळखत होता. त्याच्यावरचा डाग, देठाजवळची खूण ओळखत होता आणि हा मघाशी साक्याचा सांगितला होता एवढं लक्षात ठेवत होता.

वर्षभराच्या कामात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या नाही, मार्गदर्शकांच्या नाही. प्रोग्रॅम बिनबोभाट चालत होता. एक साधं वाक्य लिहायची वेळ आली तेव्हा ते सापडलं. म्हणून मी म्हणतो, की काम झाल्यावर शेवटी लिहायचं ही आपली रीत उलटी आहे. लिहिणं हे तपासणीचंच एक हत्यार आहे आणि ते पहिल्या महिन्यापासून हातात हवं.

तिने आंबे वेगळे केले, फोटो नव्हे. शिकवणीतला आंबा परीक्षेत येणार नाही अशी वाटणी करून पुन्हा चालवलं. उत्तर कोसळलं. आणि मी तिला आणखी एक हिशेब करायला लावला, जो प्रत्येक निबंधात असायला हवा आणि क्वचितच असतो. समजा शंभरातले ऐंशी आंबे चांगलेच आहेत. मग डोळे मिटून प्रत्येक आंब्याला 'चांगला' म्हणणारा माणूसही शंभरात ऐंशी वेळा बरोबर येतो. तुमचा प्रोग्रॅम त्या डोळे मिटलेल्या माणसापेक्षा किती पुढे, ते सांगा. तिचा फारसा पुढे नव्हता.

तिचे डोळे भरून आले. सहा आठवड्यांतले चार उरले होते. मैत्रिणीने सल्ला दिला, जुनाच आकडा ठेव, कोण तपासतंय? सल्ला व्यवहाराला धरून होता, हे मान्य केलं पाहिजे. खरंच फार कमी लोक तपासतात. २००५ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी आपोआप निरर्थक शोधनिबंध तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातला एक निबंध एका परिषदेने स्वीकारलाही. २०१४ साली दोन मोठ्या प्रकाशकांना असले यंत्राने केलेले शंभराहून अधिक निबंध काढून टाकावे लागले. आपल्याकडे २०१८ पासून यूजीसीचे वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम आहेत, दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. त्यावर मुलांनी शोधलेला उपाय म्हणजे प्रत्येक शब्दाला दुसरा शब्द घालणारं सॉफ्टवेअर. त्यातून 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं छापील निबंधांत सापडलं आहे. म्हणजे मराठीत सांगायचं तर कृत्रिम बुद्धिमत्तेची 'बनावट शुद्ध'! आणि आता तर मागाल तेवढा गुळगुळीत मजकूर लिहून देणारी यंत्रंच आली. ती इंग्रजी सुधारून देतात, त्याला माझा विरोध नाही. कुठले आंबे कुठे गेले हे मात्र त्यांना माहीत नसतं, आणि विचारलं तर तेही ती आत्मविश्वासाने सांगतात.

मी तिला निर्णय सांगितला नाही. माझं आंतर्देशीय पत्र मात्र सांगितलं.

चौथ्या दिवशी ती आली ती नवी अनुक्रमणिका घेऊनच. संगणकाचा इतिहास उडाला होता. पहिल्या पानावर लिहिलं होतं, की बाहेरच्या फोटोवरून साका ओळखता येतो का हे आम्ही तपासलं. आमच्या फोटोंवर आणि आमच्या पद्धतीने तो ओळखता आला नाही. आणि चुकीच्या वाटणीमुळे तो ओळखता येतो असा भास कसा झाला ते तिसऱ्या प्रकरणात दाखवलं आहे. आंबे कुठल्या बागेतले, कधी काढलेले, किती दिवस अढीत ठेवलेले, फोटो कुठल्या उजेडात, कुठल्या मोबाइलने, कापून कुणी पाहिले, साका कशाला म्हटलं, सगळं होतं. मी लहानसहान दुरुस्त्या केल्या. वाक्य चिन्हाने सुरू करू नये, दोन सूत्रं एकमेकांना चिकटवून ठेवू नयेत, मधे एखादा शब्द असावा, हे डोनाल्ड नुथ यांनी १९८७ साली स्टॅनफर्डमध्ये गणिती लेखनावरच्या वर्गात सांगितलेलं. 'आम्ही' लिहायचं की 'मी', यावर आमचा अर्धा तास वाद झाला. तिचं म्हणणं एकटीचं 'मी' उद्धट वाटतं. शेवटी 'आम्ही' राहिलं, पण चुकीच्या वाटणीच्या परिच्छेदात तिने स्वतःहून 'मी' केलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी गेलो नव्हतो, जाणं बरंही दिसलं नसतं. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा तांडेल पडवीत होते. बाह्य परीक्षकांनी बराच वेळ पानं उलटली म्हणे. मग एकच खोचक प्रश्न विचारला, "हे इतके फोटो लिहिलेत. आंबे किती?"

"मग?" मी विचारलं.

"सांगितलं सर. पान चोवीसवर लिहिलंच होतं."

त्यांनी पान चोवीस उघडून पाहिलं आणि तिचे कापलेल्या आंब्यांचे सगळे फोटो, नोंदींसकट, आपल्या पुढच्या विद्यार्थ्यासाठी मागून घेतले. तांडेलांना मी हे सगळं सांगितल्यावर ते थोडा वेळ खाडीकडे बघत बसले. मग म्हणाले, "पण सर, साका बाहेरून कळतच नाही, हे आमी तिला पयल्याच दिवशी सांगितलं असतं."